तरस कुठून येतो?

मंदाकिनीबाई फोनवर बोलू लागल्या की रायपूरच्या सगळ्या बूढापारा मोहल्ल्याला त्यांच्या माहेरची खबर कळते, असं त्यांचे यजमान दिवाकरराव म्हणत. म्हणोत बिचारे. ज्या माणसाचा जन्म रेल्वेच्या भोंग्यांत गेला, त्यानं दुसऱ्याच्या आवाजाबद्दल बोलू नये खरं तर. पण त्या संध्याकाळी बाहेर पावसाची झड लागलेली, फोन सारखा कटत होता, आणि दर्यापूरची धाकटी बहीण पद्मिनी पलीकडून "काय? काय म्हणते?" करत होती. तेव्हा आवाज चढला, हे मान्य करायला पाहिजे.

"मले तं त्या पोट्टीवर तरसच येऊन राहिला, पद्मे! इतक्या दुरून आली बिचारी. ना आई सोबत, ना बाप. मरमर करून मराठी शिकली, अन् आली कुठं, तं रायपूरले! इथं घरच्याच पोट्ट्यायले मराठीत विचारलं तं हिंदीत जवाब देतात. हिच्यासंग बोलणार कोण?"

बोलता बोलता त्या वळल्या, तर ती पोट्टी दारातच उभी. हातात चहाचा रिकामा कप, चेहऱ्यावर गोड हसू. मंदाकिनीबाईही हसल्या. हिची मराठी पुस्तकातली, आपली घरातली, हिला काय कळणार, असा त्यांनी हिशेब केला. इथेच चुकलं.

पोट्टीचं नाव मार्ता. पोलंडची. मंदाकिनीबाईंचा एकुलता एक निरंजन तिकडे नोकरीला गेला आणि येताना हिला घेऊन आला. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुड्याचा कार्यक्रम, ठरला होता. भिलाई, नागपूर, दर्यापूर, सगळीकडून माणसं यायची होती. आणि नेमका निरंजन लग्नाच्या कागदांसाठी दिल्लीला जाऊन बसला होता, तो शनिवारी रात्री येणार. तोवर मार्ता एकटीच होणाऱ्या सासू-सासऱ्यांजवळ. समोरच्या घरातल्या सुशीला दीदींनी नाव ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, "मार्ता? किसको मारता?" मार्ताला त्यातलं काही कळलं नाही, कारण तिला हिंदी येत नव्हती. मराठी मात्र येत होती, आणि अशी येत होती की ऐकणाऱ्यानं सरळ बसावं. पुण्याच्या कुणा बाईंकडून ती कॉम्प्युटरवर शिकली होती. निरंजनकडून का नाही? कारण निरंजनची मराठी "आई, भूक लगी है" इथपर्यंतच.

गोल बाजारात मार्तानं भाजीवाल्याला विचारलं होतं, "दादा, ही भेंडी कोवळी आहे ना?" भाजीवाला ओशाळून म्हणाला, "मैडम, इंग्लिश नहीं आती." मंदाकिनीबाई तेव्हा हसल्या नाहीत. ते त्यांच्या मनाला लागलं. आणि पोटातलं लगेच बहिणीला सांगायचं, ही त्यांची जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तव्यावर तांदळाच्या पिठाचा चीला उलटत होत्या. मार्ता ओट्याजवळ आली.

"आई, काल आपण दूरध्वनीवर म्हणालात की माझ्यावर तरस येतो."

मंदाकिनीबाईंच्या हातातलं उलथणं तिथल्या तिथे थांबलं.

"तो कुठून येतो?" मार्तानं विचारलं. "जंगलातून?"

आता पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला यात गडबड दिसायची नाही. तरस म्हणजे जंगलातलं ते पुढून उंच, मागून बसकं जनावर. मेलेलं खाणारं, हसल्यासारखं ओरडणारं. पण रायपूरच्या मराठी घरांत हिंदी इतकी मुरली आहे, की तरस म्हटलं की कोणाला जनावर आठवतच नाही. तरस म्हणजे दया. कीव. मंदाकिनीबाईंना तर आपण हिंदी शब्द वापरला हेही समजलं नव्हतं. आणि ही पोट्टी पोलंडहून येऊन अस्सल मराठी अर्थ घेऊन उभी होती.

चीला करपू लागला. खरं सांगावं तर 'मला तुझी कीव येते' हे होणाऱ्या सुनेच्या तोंडावर म्हणायचं. न सांगावं, तर तिला वाटणार की सासूला आपल्या अंगावर जनावर सोडायचं आहे. मंदाकिनीबाईंनी तिसरा रस्ता काढला, आणि तो सरळ खड्ड्यात जात होता.

"अगं, तशी बोलायची पद्धत आहे आमच्याकडे," त्या जमेल तेवढ्या शुद्ध भाषेत म्हणाल्या. मार्ताशी त्या नेहमी तशाच बोलत, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारख्या. "कोणाबद्दल खूप माया दाटून आली ना, की म्हणतात, तरस येतो."

दिवाकररावांनी पेपर खाली केला. मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पेपर वर गेला.

मार्ताचा चेहरा उजळला. "माया! आणि त्यासाठी तरस! हरीण नाही, मोर नाही. किती वेगळी भाषा आहे."

"वेगळी तं आहेच," पेपरमागून आवाज आला.

"बाबा, मलाही आपल्यावर फार तरस येतो."

दिवाकररावांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून पुसला. "येणारच बाई. या घरात आल्यावर सगळ्यायलेच येते माह्यावर."

इथवर ठीक होतं. घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण दुपारी सुशीला दीदी छत्री सांभाळत बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीचा डबा घेऊन आल्या. त्या मूळच्या वर्ध्याच्या, मराठी समजायच्या, बोलायच्याही. मार्तानं डबा घेतला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि मनापासून म्हणाली, "काकू, मला आपल्यावर तरस येतो."

सुशीला दीदींचा चेहरा पडला. "काहून?" त्या म्हणाल्या. "माह्यावर काहून? कोणी सांगितलं तुले? माह्या सुनेनं सांगितलं का?"

आणि मग धरण फुटलं. सुनेनं स्वयंपाकघर कसं वेगळं केलं, मुलगा कसा मान खाली घालून बसतो, गुडघे कसे ठणकतात, सगळं त्यांनी मार्ताच्या मांडीवर हात ठेवून सांगितलं. मार्ताला निम्मं कळलं, पण तिनं हात सोडला नाही. जाताना सुशीला दीदी डोळे पुसत म्हणाल्या, "मंदा, सोनं आहे ही पोट्टी. इतक्या वर्षांत मले असं कोणी बोल्लं नव्हतं." मंदाकिनीबाई दारात उभ्या राहून आता हसावं की रडावं याचा विचार करत राहिल्या.

संध्याकाळी मार्तानं खरी कुऱ्हाड घातली.

"आई, रविवारी मी सर्वांसमोर मराठीत थोडं बोलणार आहे. शेवटी म्हणेन, 'माझ्या होणाऱ्या सासूबाईंवर मला अतिशय तरस येतो.' बरोबर आहे ना?"

मंदाकिनीबाईंना समोर सगळं दिसू लागलं. मांडवात भिलाईचे दीर, नागपूरच्या जावा, पद्मिनी, निरंजनचे मित्र. पोट्टी हसतमुखानं माईक धरून उभी, आणि सगळा मांडव खो-खो हसतोय. नागपूरच्या थोरल्या जाऊबाई तर हे पुढे नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरवून सांगतील. आणि हसं झालेली पोट्टी विचारेल, मला हा अर्थ कोणी शिकवला? नाहीतर शनिवारी निरंजन आला, की तो मांडवाच्या आधीच सांगून मोकळा होईल. कसंही केलं तरी दोन दिवसांत हिला कळणार, की सासूनं आधी कीव केली आणि मग खोटं सांगितलं. अशा घरात कोण राहील? मंदाकिनीबाईंच्या मनात काय होतं ते सरळ सांगायचं, तर ही पोट्टी हातची जाईल अशी त्यांना भीती वाटली. आठ दिवसांपूर्वी तिचं नाव काढलं तरी कपाळाला आठी पडायची. आता तीच जाईल, हा विचार त्यांना नकोसा झाला.

"आणि त्याआधी," मार्ता म्हणाली, "मला तो प्राणी पाहायचा आहे. ज्याचं नाव इथल्या लोकांनी मायेला दिलं, तो दिसतो तरी कसा? आम्ही कुठल्याही गावी गेलो की माझे बाबा मला आधी प्राणिसंग्रहालयात नेतात. ते गुरांचे डॉक्टर आहेत. इथे आहे ना?"

नव्या रायपूरला होतं. शुक्रवारी सकाळी पाऊस कालच्यापेक्षा जास्तच होता. उद्या जाऊ म्हणायची सोय नव्हती, उद्यापासून पाहुणे यायला लागणार होते, आणि रात्री निरंजन येणार होता. आणि मंदाकिनीबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की घरात नाही, पण तिथे, जनावरासमोर सांगून टाकायचं. दिवाकररावांनी गाडी काढली. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "तू सांगते का मी सांगू?" "तुम्ही गाडी चालवा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

गेटजवळ गरम भजी मिळत होती, तेव्हा दिवाकररावांनी गाडीतच थांबणं पसंत केलं. आत शुकशुकाट. अशा पावसात जनावरं पाहायला कोण येतं? माकडं एकमेकांना चिकटून बसली होती. अस्वलानं त्यांच्याकडे पाठ केली होती. वाघ दिसला नाही आणि मार्तानं त्याची चौकशीही केली नाही. तिला एकच पाहायचं होतं. एका छत्रीत दोघी, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिंब, आणि मंदाकिनीबाईंच्या चपलेतून दर पावलाला फचाक फचाक आवाज.

एका जाळीसमोर पाटी होती. मार्तानं एकेक अक्षर जुळवून वाचलं, "ल-क-ड-ब-ग्घा."

"हाच," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "इकडे याला असं म्हणतात."

जाळीपलीकडे ओलं गवत, चिखल, दगडांची एक गुहा. जनावराचा पत्ता नाही. शेजारी टपरीखाली रेनकोट घातलेला एक चौकीदार हात चोळत उभा होता. मंदाकिनीबाईंनी तोंड उघडायच्या आत मार्ता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तरस येतो का?"

चौकीदारानं या गोऱ्या, भिजलेल्या मुलीकडे पाहिलं. मग गुहेकडे पाहिलं. मग मान हलवून तो छत्तीसगढीत म्हणाला, "हव मैडम, तरस तो आथे. पानी मा बिचारा भीतरी बैठे हे."

"येतो म्हणाले!" मार्ता आनंदानं परतली.

"अगं, तो तसं नाही म्हणाला..."

"'हव' म्हणजे 'हो'. हे मला माहीत आहे. 'तरस' मला कळतं. 'आथे' म्हणजे 'येतो' असणार."

यातलं एकही चूक नव्हतं. मंदाकिनीबाईंनी चौकीदाराला हिंदीत हळूच विचारलं, तर तो म्हणाला, पाऊस थांबल्याशिवाय आज काही निघायचा नाही तो, माताजी. आणि इकडे मार्ता जाळीपाशी जाऊन उभी राहिली. छत्री तिनं मंदाकिनीबाईंच्या हातात दिली होती. "आपण भिजू नका," म्हणाली. स्वतः मात्र केस गालाला चिकटलेले, हातात मोबाइल तयार धरून, गुहेच्या तोंडाकडे टक लावून. पावसाची सर वाढली तरी हलली नाही. शिंकली. पुन्हा उभी राहिली. चौकीदार टपरीतून म्हणाला, "देखो न, कितना तरस आथे." मार्तानं वळून त्याला धन्यवाद दिले.

मंदाकिनीबाईंना आता सहन होईना. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

"मार्ता, चाल इथून. तो नाही येणार."

"पण दादा म्हणाले..."

"त्याले तुह्यावर तरस येऊन राहिला, बाई! जनावर नाही. तरस म्हणजे माया नाही. मी खोटं बोल्ली तुले. इथं तरस म्हणजे..." त्या गुहेकडे पाहत म्हणाल्या, "कीव."

पुण्याच्या बाईंनी तोही शब्द शिकवला असणार, कारण मार्ताचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं मोबाइल खाली केला.

"म्हणजे आपल्याला माझी कीव आली."

"हो."

"आणि मी बाबांना म्हणाले. काकूंना म्हणाले." तिनं ओला हात कपाळाला लावला. "अरे देवा."

आणि नेमकं तेव्हाच, मार्ताच्या पाठीमागे, गुहेतून ते जनावर बाहेर आलं. करड्या अंगावर काळे पट्टे, मानेवरची आयाळ भिजून चपटी झालेली, मागचे पाय कोणी घाईत बसवल्यासारखे. त्यानं एकदा पावसाकडे पाहिलं.

"मागं पाह्य," मंदाकिनीबाई कुजबुजल्या. "आला. तरस आला."

मार्ता वळली नाही. "थांबा. आधी सांगा, का?"

तरसानं नाक फेंदारलं आणि परत आत गेला.

मंदाकिनीबाईंनी छत्री दोघींवर धरली. आता शुद्ध बोलायची त्यांना शुद्ध नव्हती. "मी लग्न होऊन इथं आली ना, तं मलेही हिंदी येत नव्हतं. एकदा सासूसंग अभनपूरहून बसनं निघाली. कंडक्टर वरडला, 'पीछे खाली है, पीछे खाली है!' खाली म्हणजे रिकामं, हे मले काय माहीत? मी वाकून सीटच्या खाली पाहू लागली. काही पडलं का म्हणून. सारी बस हसली. सासू सगळ्यात जास्त हसली. अन् मरेपर्यंत ते सगळ्यायले सांगत राहिली. त्या भाजीवाल्यानं तुले 'इंग्लिश नहीं आती' म्हटलं, तं मले तीच बस दिसली. म्हणून म्हटलं, मी नाही हसणार. मी तुह्यावर तरस खाल्ला."

"खाल्ला?" मार्ता किंचाळली.

"हो मंग. तरस खातात नं."

"तरस *खातात*?"

मंदाकिनीबाईंना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. मार्ताच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला, मग ती जाळीला धरून हसत सुटली. हसता हसता खाली बसली. मंदाकिनीबाई गांगरून पाहत राहिल्या, मग त्यांनाही आवरेना. चौकीदार टपरीतून डोकावला आणि या दोघींना पाहून पुन्हा आत गेला.

हसू ओसरल्यावर मार्ता उठली. डोळे पुसले, पण पावसात पुसून काय होणार. "मला कीव नको आहे," ती शांतपणे म्हणाली. "तेवढंच असेल तर रविवारी काही करू नका. मी निरंजनला सांगेन."

हेच ते. कालपासून छातीवर बसलेलं. या वेळी मंदाकिनीबाईंनी तिसरा रस्ता शोधला नाही.

"कीव नाही व. मी पद्मीले चुकीचं सांगितलं. घरात मी मराठीत बोलते, अन् निरंजन हिंदीत बोलते, त्याचे बाबा नुसतं हव-हव करतात. माह्या स्वयंपाकघरात मले मराठीत जवाब देणारी तूच पहिली आली. तू गेली तं मी कोणासंग बोलू? एकटी तू नाही पडत इथं. मीच पडलेली आहे, कधीची." त्या थांबल्या. "तू मले पाहिजे. दुसरं काही नाही."

छत्रीवर पाऊस ताशा वाजवत होता.

"आपण फोनवर पद्मिनीताईंशी बोलता ना," मार्ता म्हणाली, "तेव्हा मी रोज दाराशी येऊन उभी राहते. चहा हे निमित्त असतं. फोनवर आपण वेगळं बोलता. भराभर. हसत. माझ्याशी बोलताना मात्र पुण्याच्या बाईंसारखं बोलता. मला वाटायचं, ती भाषा घरच्या माणसांसाठी असेल. आज पहिल्यांदा माझ्याशी तसं बोललात."

"मले वाटलं तुले कळणार नाही."

"सगळं नाही कळत. म्हणून तर उभी राहते."

मंदाकिनीबाईंनी पदरानं तिचं डोकं पुसायला सुरुवात केली. पदर तिच्या केसांपेक्षा ओला होता, तरी पुसत राहिल्या. मार्तानं मान खाली करून पुसू दिलं. मग सरळ झाली, मंदाकिनीबाईंच्या पायांकडे पाहिलं, आणि ओठ हलवून शब्द जुळवत म्हणाली,

"आई, तू... तू पूर्ण भिजून राहिली. चाल नं. मले भूक लागली."

मंदाकिनीबाई चरकल्या. 'मले' ऐकून नाही, 'तू' ऐकून. इतक्या दिवसांत हिच्या तोंडून 'आपण' सोडून दुसरं काही निघालं नव्हतं. भाषेची चूक असेल, घाईत झाली असेल. त्यांनी सांभाळून विचारलं, "तुह्या पुण्याच्या बाईंनं शिकवलं का तुले, सासूले तू म्हणायचं?"

"नाही," मार्ता म्हणाली. तिनं छत्री स्वतःकडे घेतली आणि दुसरा हात मंदाकिनीबाईंच्या दंडात घातला. "त्या म्हणाल्या, सासूला 'आपण'. आईला 'तू'."